माझी नाही

मेल्क : माझी नाही.

कास्पार : मेल्ककाका, तिसऱ्यांदा सांगतो. बंदुकीच्या दस्त्यामागची लोखंडी पट्टी मी माझ्या हातांनी उघडली. आत चिठ्ठी होती. 'मेल्खिओर ऱ्हायनर, जन्म १९३५, एल्म.' एल्ममध्ये असे किती मेल्खिओर ऱ्हायनर असणार?

मेल्क : दोन होते. दुसरा बुटका होता. त्याला सैन्यात घेतलं नाही.

कास्पार : झालं तर मग! चिठ्ठी तुमची, म्हणजे कॅरबाइन तुमची. आपल्याकडे शिपाई आपलं नाव तिथेच दडवायचे, तुम्हीही दडवलंत.

मेल्क : दडवलं. पण या दस्त्यात नाही. हे बीचचं लाकूड आहे, माझी अक्रोडाची होती.

कास्पार : अहो, ती तुम्हाला मिळून सत्तर वर्षं होत आली! रंग उतरतो, आठवण बदलते. मी तीस वर्षं सैन्याने विकलेल्या जुन्या बंदुका जमवतोय, लांबलांबून लोक मला त्यांची ओळख पटवायला बोलावतात.

रेगुला : आणि घरी चष्मा मी शोधून देते. काका, नासपतीचा पाव घ्या. याच्या नादी लागाल तर उपाशी राहाल.

मेल्क : घेतो. पोरी, हा पाव चांगला आहे. बंदूक माझी नाही.

कास्पार : रेगुला, तूच सांग यांना. मी पत्र लिहिलं, बसचं तिकीट पाठवलं. परवा रविवारी सगळं गाव नेमबाजीला जमणार. म्हटलं, काकांना एकदा स्वतःच्या बंदुकीने नेम धरू दे. आणि हे आपले नन्नाचा पाढा लावून बसलेत!

मेल्क : त्यासाठीच तर आलो. पन्नाशीला सैन्यातून सुटलो. माझी बायको एली म्हणाली, घरात बंदूक नको. निमूट शस्त्रागारात जमा केली. एली गेली त्याला आता चार वर्षं झाली. म्हटलं, डोळे आहेत तोवर एकदा. पण परक्या बंदुकीने नाही. तशी तर कुणीही देईल.

कास्पार : परकी कशी? पुरावा आहे!

मेल्क : सहा-एक-सात, दोन-शून्य-चार.

कास्पार : काय?

मेल्क : तिचा आकडा. रात्री झोपेतून उठवून विचारायचे. चुकलं की संडास धुवायचे. मी दोनदा धुतले, मग नाही चुकलो. या बंदुकीवरचा आकडा वाच.

कास्पार : ...आठाने सुरू होतो. पण त्याचं काय आहे, कारकुनाकडूनही...

रेगुला : कास्पार, तुझे कान का लाल झाले?

कास्पार : चूल पेटलीय म्हणून.

रेगुला : चूल सकाळपासून पेटलीय. कान आत्ता लाल झाले. तुला आपल्या लग्नाची तारीख आठवत नाही, पण भिंतीवरच्या एकोणीस बंदुकांचे आकडे तोंडपाठ आहेत. सहा-एक-सात कुठली?

कास्पार : सगळे थोडेच लक्षात राहतात!

रेगुला : ठीक आहे. खुर्ची दे इकडे, मी चढून वाचते.

कास्पार : पडशील! थांब. मधली. घड्याळाखालची.

रेगुला : म्हणजे तुझी लाडकी? अक्रोडाची? जिच्यासाठी पैसे घेऊन आलेल्या त्या झुरिकच्या माणसाला तू दारातून परत पाठवलंस?

मेल्क : खाली काढ.

कास्पार : काका, तिच्यात दुसऱ्याची चिठ्ठी आहे. योआकिम झेंटनर. मी स्वतः वाचलीय.

रेगुला : कधी वाचलीस? मी सांगू? पाच वर्षांपूर्वी, ईस्टरच्या आदल्या दिवशी. माझ्या कणकेच्या टेबलावर दोन बंदुका उघड्या, दोन चिठ्ठ्या फोटोसाठी बाजूला. मी ओरडले, उचल तुझा पसारा. तू भराभर पट्ट्या बसवल्यास.

कास्पार : तू ओरडलीस म्हणूनच!

रेगुला : वा! आता माझ्यावर ढकल.

(कास्पार मधली कॅरबाइन उतरवून मेल्कच्या मांडीवर ठेवतो.)

मेल्क : ही खूण बघ. इथे, दस्त्याच्या खालच्या कोपऱ्यात.

कास्पार : ते बुटांच्या खिळ्यांनी झालंय. बर्फात उभं राहताना शिपाई बूट दस्त्यावर आपटायचे. सगळे जाणकार हेच सांगतात.

मेल्क : शेळी होती.

कास्पार : शेळी?

मेल्क : वरच्या कुरणात कुंपणाला टेकवून ठेवली होती. घामाचा खारटपणा लागला असेल तिला, दस्ता कुरतडला. सुभेदाराने आठवडाभर सुट्टी कापली.

रेगुला : आणि तू या खुणेवर क्लबात तासभर भाषण दिलं होतंस, कास्पार.

कास्पार : दीड तास. ...काका, ही तुमचीच. घेऊन जा रविवारी. नंतरही ठेवा. पण झेंटनरबाईंना काय सांगू? त्यांना मी छातीठोकपणे सांगितलंय, ही तुमच्या यजमानांची. दर नोव्हेंबरला येतात, ते वारले त्या दिवशी. दस्त्यावर हात ठेवून बसतात. गेल्या खेपेला तिच्याशी बोलत होत्या.

मेल्क : काय बोलल्या?

रेगुला : छप्पर गळतंय म्हणाल्या. मुलगा फोन करत नाही म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

कास्पार : मला नाही जमायचं. त्यांना कळलंच नाही तर काय बिघडतंय? नोव्हेंबरपुरती ही परत टांगू.

रेगुला : आणि त्यांच्या नवऱ्याची खरी बंदूक कोपऱ्यात पडू दे? लाज वाटत नाही रे? चुकलं म्हणायला तुझी जीभ इतकी जड का होते? फोन घे. नाही? मग मीच लावते. ...हॅलो, झेंटनरबाई? रेगुला बोलतेय. थांबा हं, कास्पारला काही सांगायचंय. घे.

कास्पार : नमस्कार. हो, बरा आहे. ते... मी... तुमच्या यजमानांच्या... हवा काय म्हणते तिकडे?

मेल्क : दे इकडे. बाई, मी एल्मचा मेल्क ऱ्हायनर. तुम्ही दर वर्षी जिच्याशी बोलता ती बंदूक माझी निघाली. इथल्या शहाण्याने चिठ्ठ्या उलट्या घातल्या. ...हो. ...रडा, मी धरून ठेवतो फोन. ...नाही, तुमच्या यजमानांची कुठे गेली नाही, इथेच टेबलावर आहे. सकाळपासून मी तिला नुसतं 'माझी नाही, माझी नाही' म्हणतोय. कुणीतरी येऊन 'माझी' म्हणायला हवं. तुम्ही या.