मुरारबाचा काळाभोर मका

मंडळी, ऐका! आणि ऐकण्याआधी एक सांगा — ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याला थोडं जास्त दिलं, तर बिघडलं काय?

बोला की! — नाही बिघडलं? पुढे बसलेले म्हणतात नाही. बायकांच्या बाजूने मात्र आवाज नाही. त्या हुशार! महाराज सोपा प्रश्न विचारतात तेव्हा पुढे खड्डा असतो, हे त्यांना ठाऊक आहे.

तर चला, खड्ड्याकडे.

नदीकाठचं एक गाव. नाव सांगणार नाही. त्या गावचे पाहुणे आज मंडपात आहेत, आणि मला त्यांच्याच पंगतीला बसायचंय! त्या गावात मुरारबा खोत नावाचा माळकरी. व्यसन नाही, भांडण नाही, तंबाखूसुद्धा नाही. नाद एकच — मैना!

अहो, हसता काय? मैना म्हणजे म्हैस! मुऱ्हा जातीची! जिलबीसारखी वळलेली शिंगं, तेल लावल्यासारखी पाठ. मुरारबा सकाळी उठून आधी तिचं तोंड बघायचा, मग देवाचं. आणि गिरजाबाईचं? — म्हणजे बायकोचं? चहा मागताना दिसलं तर दिसलं!

आता त्या गावची एक रीत सांगतो. श्रावणातल्या सप्त्याला काल्याच्या दह्याचं दूध एकाच घरचं असतं. पाळीनं. सकाळच्या एकाच धारेचं, पाणी न घातलेलं. सातव्या दिवशी घरचा कारभारी घागर डोक्यावर घेऊन निघतो, पुढे टाळ-मृदंग, दारोदारी त्याच्या पायांवर पाणी ओततात. दूध देवळात विरजतं, आठव्या दिवशी त्याच दह्याचा काला. एकोणीस घरं आहेत पाळीची. म्हणजे हिशेब करा, माणसाच्या जन्मात हा मान किती वेळा येतो? मुरारबाचा बाप वाट बघत गेला. आणि आता पाळी मुरारबाची!

आदल्या साली पाळी होती शेजारच्या केरबाची. केरबानं घागर काठोकाठ आणली. झालं! मुरारबा भर देवळात उभा राहिला —

"पुढल्या साली बघा! माझी घागर उतू जाईल. रस्त्यानं दूध सांडत जाईल!"

म्हणजे देवाला दही आणि रस्त्याला दूध. भक्ती बघा, भक्ती!

(मृदंगमणी, थांबा जरा. अजून वाजवण्यासारखं काही झालं नाही.)

मुरारबाचं शास्त्र एका शब्दाचं होतं — हिरवं! हिरवं तेवढं दूध. रस्त्याकडेला दहा गुंठ्यांत चाऱ्याचा मका पेरला. गिरजाबाई म्हणाली,

"आवं, आधी दोन गाड्या शेणखत टाका. उकिरडा भरून वाहतोय."

"शेणखत कुणाला दिसतंय गं?"

कुणाला दिसतंय! म्हणजे मका कुणासाठी? म्हशीसाठी की येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी? आपण नाही हसायचं हं. आपल्या घराला पुढून रंग असतो, मागून विटा उघड्या असतात.

तर पेरताना युरिया. गुडघाभर झाल्यावर युरिया. पान कसं झालं? हिरवं? छे! काळंभोर! रस्त्यानं जाणारा माणूस मोटारसायकल थांबवून विचारायचा, "आप्पा, काय टाकलंय?" त्या दिवशी मुरारबाला भाकरी दोन जास्त जायच्या.

मग पावसानं ओढ दिली. रोज आभाळ भरून यायचं, थेंब नाही. ऊन नाही, पाऊस नाही, नुसतं अंधारून बसायचं. मका मान टाकायला लागला. आणि सप्त्याच्या आदल्या आठवड्यात हा गडी त्या दहा गुंठ्यांत अख्खं पोतं फेकून आला! वर हंड्यानं थोडं पाणी शिंपडलं. गिरजाबाई बांधावर उभी.

"पाऊस न्हाई, ऊन न्हाई. त्या मक्यानं एवढं खाल्लेलं पचवायचं कधी?"

"मका काय जेवतो व्हय? तू गप."

"जेवतोच की! आन जेवल्यावर तुम्ही बी घटकाभर पडताय न्हवं? त्याला पडू द्या की चार दिस!"

ऐकतो कोण! आता सप्ता बसला. दावणीकडे बघा. दावणीला दोघी. एक मैना, आणि दुसरी — ढवळी. गावरान गाय. गिरजाबाईनं माहेराहून आणलेल्या गाईची नात. सडसडीत, बुटकी, तिच्यासाठी मोटारसायकल कधी कुणी थांबवली नाही. मुरारबानं मैनेपुढचा कडबा काढून टाकला. "वाळकं खाऊन दूध आटतंय!" सगळा मका मैनेला. ढवळीला गिरजाबाई काय घालायची? कडब्याची कुट्टी, त्यात मूठभर पेंड, चिमूटभर मिठाची न् क्षाराची पूड, बांधावरचं ओंजळभर गवत. एके दिवशी तिनं मक्याची एक पेंढी ढवळीकडे वळवली, तर मुरारबानं हातातून ओढली!

"ढवळीला मका कशाला? ती काय काल्याला जाणार हाय?"

मंडळी, हे वाक्य उपरण्याच्या टोकाला बांधून ठेवा. गाठ पक्की मारा.

सप्त्याचा सहावा दिवस. सकाळ. दुसऱ्या दिवशी घागर. मुरारबानं मका अगदी बुडातून कापला, ताटाचा, म्हणजे धाटाचा, टीचभर तुकडाही वाया जायला नको म्हणून. दोन भारे मैनेपुढे. खा, माझे आई! तिनं खाल्लं. त्यानं समोर बसून बघितलं. आपण लेकराला जेवताना बघतो, तसं.

दोन-अडीच तास गेले.

मैना थरथरली. मग तोंड उघडून श्वास घ्यायला लागली. वारा भरपूर, गोठा चारी बाजूंनी उघडा — आणि तिला श्वास पुरेना! पाय फाकले. आणि ती एवढी मोठी म्हैस, भिंत बसावी तशी बसली.

मुरारबा काय म्हणाला असेल?

"दृष्ट! केरबाची दृष्ट लागली!"

मीठ आणलं, मिरच्या आणल्या, ओवाळल्या, चुलीत टाकल्या. ठसका म्हशीला नाही, गिरजाबाईला लागला. आणि ठसका ऐकून कुंपणावरून उडी मारून कोण आलं? केरबा! ज्याची दृष्ट, तोच! त्यानं मैनेचा ओठ वर केला, हिरड्या बघितल्या, आणि खिशातून फोन काढला —

थांबा.

इथे आख्यान थांबवतो. कारण तुमच्या तोंडाकडे बघून मला कळतंय तुम्हाला पुढे काय हवंय. तुम्हाला हवंय, की मुरारबानं हाक मारावी, आणि देव डॉक्टरचा वेष घेऊन यावा, हात फिरवावा, मैना उठावी, घागर उतू जावी! मृदंग! जयजयकार! मी सांगितलं तर चालेल ना? — चालेल! पण मंडळी, तसं झालं नाही. मी काय करू?

देव आला नाही. तांबोळी डॉक्टरीणबाई आल्या. स्कूटीवरून. आणि आल्या आल्या मैनेच्या आधी मका बघितला.

"खत कधी टाकलं?"

"आठ… आठ रोज झालं."

"किती?"

गिरजाबाई बोलली, "पोतं."

बाईंनी मैनेच्या कानाजवळ सुई टोचून रक्ताचा थेंब काढला. लाल? नाही हो. कोऱ्या चहासारखं! तपकिरी!

"हे बघा आप्पा. पाऊस नाही, ऊन नाही, त्यामुळे मक्याला खत पचलं नाही. तसंच ताटात साठून राहिलं, बुडात तर सगळ्यात जास्त. ते हिच्या पोटात जाऊन विष झालं. आता रक्ताला हवा धरता येत नाही. खत टाकल्यावर निदान तीन आठवडे कापायचं नसतं. कापलं तर बूड हातभर सोडायचं. आणि निम्मा कडबा मिसळायचा. कडबा नव्हता घरात?"

कडब्याची गंजी बाईंच्या पाठीमागेच उभी होती. माणसाच्या दुप्पट उंच.

बाईंनी बाटली टांगली. आत औषध कसलं? निळं! गडद निळं! मैनेच्या शिरेतून थेंब थेंब उतरायला लागलं. — बघा मंडळी, म्हटलं ना देव आला नाही? चुकलं माझं. तो सावळा निळा आलाच होता. फक्त सलाइनच्या बाटलीतून आला, आणि दृष्ट लावणाऱ्याच्या फोनवरून आला!

मुरारबानं मैनेचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचा हात तिच्या गळ्याखाली होता. तिथे श्वास कळत होता — येतोय, अडतोय, येतोय. घागर आठवली नाही त्याला, मान आठवला नाही. आठवत होते ते सकाळचे दोन भारे. आणि भारे टाकणारे हात. तेच, जे आता गळ्याखाली होते.

"जगंल का ओ बाई?"

"आता ते तिच्यावर आहे. तुमच्यावर नाही. ते एक बरं आहे."

दिवस कलायच्या आत मैना उठली. डगमगली, पण उठली! मुरारबा लहान मुलासारखा रडला. आणि रडून झाल्यावर काय विचारलं असेल?

"बाई… उद्याचं दूध?"

"हिचं दूध मी सांगेपर्यंत कुणालाही नाही. देवालाही नाही."

सातवा दिवस. टाळांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी. दारात घासून लखलखीत केलेली घागर. आणि आत गिरजाबाई दूध काढतेय. कुणाचं?

सोडा उपरण्याची गाठ! सोडा!

ढवळीचं! भरली चरवी. मुरारबानं ती घागरीत ओतली, तर घागरीचा नुसता तळ झाकला. मंडळी, त्या माळकऱ्याच्या मनात एक क्षण हंड्यातलं पाणी आलं. खोटं कशाला सांगू? नजर गेलीच हंड्याकडे. गिरजाबाईनं पदरानं हंडा झाकला आणि दूध परत चरवीत ओतलं.

"चरवीच न्या. देवाला मापाचं काय कळतंय!"

गेला बिचारा. डोक्यावर एवढीशी चरवी. पायांवर पाणी पडतंय, माणसं कुजबुजतायत. केरबा सोबत चालता चालता म्हणाला,

"काय मुरारबा, रस्त्यानं सांडणार हुतास न्हवं?"

"सांडाया शिल्लक न्हाई गा. दोन्ही हातांनी धरलंय बघ."

दोन्ही हातांनी! जन्मात पहिल्यांदा माणूस दूध जपून नेत होता.

दही लागलं. घट्ट, गोड. काल्याला प्रत्येकाच्या तळहातावर आलं नखाएवढं. कुणाला कमी पडलं? कुणाला कळलंसुद्धा नाही!

संपलं? तुम्ही म्हणाल, मुरारबा शहाणा झाला. झाला की! काल्याच्या दुसऱ्याच दिवशी युरियाचं नवं पोतं खांद्यावर घेऊन निघाला.

"कुठं?" — गिरजाबाई.

"ढवळीसाठी मका करतो. तिनं माझी लाज राखली. तिला काय कमी पडू देणार न्हाई!"

गिरजाबाईनं काय केलं? भांडली नाही. पोतं खांद्यावरनं उतरवून घेतलं, गोठ्याच्या दारात ठेवलं, आणि त्यावर बसली. मांडी घालून!

"ऊठ गं."

"आधी उकिरडा रिकामा करा. शेणखत रानात पडू द्या. मग ह्यातलं किती, कधी, ते त्या बाईला विचारून मी देते. मापानं."

मंडळी, आता तुमच्याकडे वळतो. घरी मैना कोण आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. तिच्यासाठी ओतताय — वेळेआधी, मापाबाहेर, रस्त्यावरून दिसावं म्हणून. मैना म्हणजे म्हैसच असते असं नाही. ती शिकवणीच्या वर्गालाही जाते, परदेशातही असते. ढवळी कोण, तेही ठाऊक आहे, फक्त तिच्याकडे बघायची सवय नाही. तो तुमचा तुम्ही निकाल लावा.

मला विचारायचंय तिसरं. तुमच्या घरात पोत्यावर कोण बसतं? तुम्ही "तू गप" म्हणता, ते कुणाला?

ती मागे बसलीय बघा, बायकांच्या बाजूला. तिनं सुरुवातीलाच उत्तर दिलं नव्हतं. उद्या काला आहे. काल्यातलं पहिलं बोटभर दही तिच्या तळहातावर ठेवा, आणि मगच आपला हात पुढे करा.

मृदंगमणी — आता वाजवा!