जर्मनीला निघालेला बैल

मी मुरुडहून एसटीनं लातूरला क्लासला निघाले होते. डोळे वहीत, कान पुढच्या सीटवर. तिथं खेळणी करणारे म्हातारबाबा आणि त्यांची सून. सुनेच्या मांडीवर लाकडी बैल.

"मामा, तपासणीत बैल नापास झाला. गळ्यातली घंटी ओढली की निघाली. लेकरू गिळंल म्हणतेत. पास झाल्याबिगर जर्मनीला माल जात न्हाई."

"म्हणून घंटी काढू? पोळ्याचा बैल अन् गळा मोकळा? माझ्या हातून व्हायचं न्हाई."

"काढा कुठं म्हणलं? बैलासंगट एकाच लाकडात घंटी कोरा."

"वाजंल कशी?"

"लेकरं वाजवतेत की तोंडानं. आपली बारकी अक्षरा दिवसभर तेच करायलीय."

"व्हय, ते खरं हाय."

"मग?"

"मग काय, लातूरला उतरल्यावर आधी कोरायच्या पटाशीला धार लावून घेऊ."