एट्टनचा मिझाव

नाही सर, रिक्षा रिकामी नाही. मागच्या सीटवर आहे एक जण — असं वाकून बघू नका हो. आणि निघालात कुठे? गळ्यात पाटी तर इथल्याच परिसंवादाची दिसतेय. 'अभिजात नाट्य : शोध आणि भवितव्य.' अक्षरं लावून लावून वाचतो मी, आठवीत सोडली शाळा. काय, सत्र थांबलंय? वाद्य सापडत नाही? असं म्हणतात होय आत. बसा मग, इथं पुढे, माझ्याशेजारी. ऊन लागतंय तुम्हाला.

मी सेतु. अच्युतन नंबियारचा धाकटा भाऊ. हां, तोच — आत दारापाशी हार घातलेला फोटो आहे ना, तो. एट्टन माझा, थोरला. फोटो मीच दिला, मावसबहिणीच्या लग्नातला. शेजारी मी होतो, मला कापलं त्यांनी. पण हात राहिलाय. नीट बघा, त्याच्या खांद्यावर माझी बोटं दिसतील.

मिझाव वाजवायचा तो. तांब्याचा हंडा, तोंडावर कातडं — तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही लोक त्याच्यावर पुस्तकं लिहिता. कूडियाट्टमच्या खेळात नटाची नुसती भुवई हलली तरी एट्टनची बोटं हलायची. गेल्या परिसंवादात तुमच्यातल्याच एका सरांनी त्याचा हात धरून वर केला — 'मित्रहो, या नाटकाचं भवितव्य या मनगटात आहे!' टाळ्याच टाळ्या. एट्टन घरी आला आणि म्हणतो, 'सेतु, आजपासून नारळ तू फोड, माझ्या मनगटात भवितव्य आहे.' मग तेच चाललं — पाणी तू काढ, भवितव्य आहे. मिरच्या तू वाट, भवितव्य चुरचुरेल. ताप आला तरी तेच. लेप्टो होता, सर. डोळे हळदीसारखे. मी रिक्षा दारात लावून ओरडतोय, 'एट्टा, चल!' — आणि हा मांडीवर बोल घोकतोय. 'परिसंवाद होऊ दे रे, मग कुठे न्यायचं तिथे ने.' नेला. अंगणातच, दक्षिणेच्या कोपऱ्यात. आमचा आंबा तोडला चितेसाठी, आम्ही दोघं चढायचो तो. ओला होता. धूर फार झाला.

आमच्यात मिझाव म्हणजे माणूसच. मुंज लागते त्याची, जन्मभर ब्रह्मचारी. आणि फुटला, निकामी झाला, की माणसासारखे विधी करून पुरतात त्याला. म्हणून गेलो देवळातल्या तंत्रींकडे — म्हटलं, एट्टन गेला, आता त्याच्या मिझावाचंही करून टाका. ते म्हणाले, फुटलाय? म्हटलं, नाही. 'मग सेतु, गेला तो तुझा एट्टन. हा जिवंत आहे.' झालं! जिवंत आहे, म्हणजे आज एट्टनचा शिष्य हरिदेव बसणार त्याच्यापाशी, आणि तुम्ही सगळे मान डोलावणार — भवितव्य, भवितव्य! म्हणून सकाळी त्यांचा टेम्पो यायच्या आधीच —

हो. तोच आहे मागे. बघितलंतच ना तुम्ही.

नदीवर नेत होतो. कोयता घेतलाय, हा काय सीटखाली. एक घाव घातला की झाला निकामी, मग तंत्रींना यावंच लागेल. का गुंडाळलाय? मुंडू आहे ते एट्टनचं, नेसायचं, धुतलेलं. मला सुतक आहे, सर. सुतकातला हात कसा लावू त्याला? बाटला असता, आणि आज त्याला वाजायचं —

असे काय बघताय माझ्याकडे?

नाही केलं. बस. वाटेत खड्डा लागला आणि हा मागून बोलला, एकदाच, खोल. एट्टन बसायचा ना मागे, खड्डा आला की असाच करवादायचा — 'हळू रे, मूर्खा!' मी रिक्षा वळवली. तेव्हापासून इथंच आहे. आत त्यांनी दिवा लावलाय, सुतकात कसा जाऊ? आणि घरी जाऊन काय करू? घरात कोणी नाही. विहिरीचा पंप चालू ठेवून झोपतो मी, सर. पाणी नको असतं. नुसता आवाज.

अरे — हरिदेव आला बघा दारात. रस्त्याकडे बघतोय, दोन्ही हात डोक्यावर. रडतोय की काय हा?

सर, तुम्हाला सुतक नाही. मुंडूचं ते टोक धरा, हे मी धरतो. कापडालाच हां, सावकाश... जड आहे ना? पायरीपर्यंत मी येतो, पुढे त्याला हाक मारा. कुठे होता म्हणाले तर सांगा, वाटेत अडकला होता. आणि म्हणावं, कातडं उन्हानं ताणलंय, आधी हळू हात फिरव — एट्टन फिरवायचा तसा.

मी? मी थांबतो ना. खिडकी उघडी आहे त्यांची, इथं येतं ऐकू.

जा, सर. नाही, आता काही बोलू नका. ऐकायचंय मला.