उडी माझ्याकडं

…नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव म्हणला होता तो! तुळजापूरचा दुकानदार, खोक्यावर छापलेल्या आकड्यावर बोट ठेवून, "मावशी, नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम हायत ह्याच्यात, रोज एक खेळला तरी सत्तावीस वर्षं बघायला नको." आन घरी येऊन लावते तर काय, अकरा! अकराच्या पुढं परत तेच सुरू. एक नंबरला लाल सदऱ्याचा माणूस पळतोय, बारा नंबरला तोच माणूस हिरवा सदरा घालून पळतोय, तेविसाला निळा… आवो, सदरा बदलला म्हणून काय माणूस बदलतोय व्हय? आन यंत्र केवढं, तर अंगाच्या साबणाएवढं. वजनच न्हाय. म्या कानापाशी धरून हलवलं, तर आत कायतरी खुळखुळलं, म्हणलं चला, हाय कायतरी आत. तीन वायरी, दोन रिमोट, आन म्हणं नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव.

आता तुमी म्हणाल, मंजुषाबाई, पन्नाशी उलटली, लेक अर्पिता पुण्याला नोकरीला, घरात ल्हान लेकरू न्हाय, तुला टीव्हीवरचा गेम कशाला? तर ते आमच्या मालकांसाठी. कुमारराव. माकणीत कुणालाबी विचारा, पेरणी करावी तर कुमाररावाच्या ट्रॅक्टरनं. बांधावर उभं राहून बघितलं तर ओळ अशी सरळ जायची की नजर घसरत जावी. त्या माणसाच्या अंगावरून चैत्रात वारं गेलं. डावी बाजू. सोलापूरच्या दवाखान्यात पंधरा दिवस होतो, पाय आला, तोंड सरळ झालं, हात तेवढा मागं राहिला. पण तुमाला खरं सांगते, हाताचं मला एवढं न्हाय. हात न्हाय तर न्हाय, दोघांना पुरतील एवढे तीन हात हायत की घरात. मला भ्या वाटायला लागलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मालक तक्रार करायचे थांबले.

तुमाला न्हाय कळायचं ते. ह्या माणसानं तीस वर्षं मला एक घास सुखानं गिळू दिला न्हाय. आमटीत मीठ कमी पडलं की सगळ्या गल्लीला कळायचं. दार असं का लावलं, बादली तिथं का ठेवली, चहा उकळला न्हाय, चहा लई उकळला, पावण्यांसमोर हसलीस कशाला, हसली न्हाईस कशाला… म्या देवाला म्हणायची, एक दिवस तरी ह्यांचं तोंड बंद ठेव. आन देवानं ठेवलं. सहा महिने. काहीबी सांगा, एकच उत्तर, "असू दे."

एक दिवस म्या मुद्दाम आमटीत मीठ घातलं दुप्पट. म्हणलं, आता तरी ताट सारतील. सगळी खाल्ली. म्या विचारलं, "मीठ जास्त झालं का वो?" तर म्हणाले, "असू दे." मृगात आमचं रान दुसऱ्याच्या ट्रॅक्टरनं पेरून घेतलं, त्या गड्यानं सोयाबीनच्या ओळी अशा वाकड्यातिकड्या काढल्या की माझ्यासारखीला कळावं. मालकांना गाडीवर बसवून बांधावर नेलं. म्हणलं, आता पेटतील. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळी बघितल्या. मग म्हणाले, "असू दे, उगवंल." त्या दिवशी म्या घरी येऊन चुलीपाशी बसून रडले. माणूस घरात होता, पण माझा नवरा न्हाय घरी आला सोलापूरहून, असं वाटलं बघा.

व्यायामाला लोहाऱ्याहून निकिता मॅडम येत्यात. अर्पितापेक्षा ल्हान पोरगी, पण दम देती. रबरी चेंडू दिला होता दाबायला, तर मालक नुसता धरून बसायचे, अंडं धरल्यावानी. मग मॅडम म्हणाली, "काकू, अंगठा हलला पाहिजे. त्यांना जीव लागंल असं काहीतरी द्या. बटणाचा टीव्ही गेम मिळतो, स्वस्तातला चालंल. आन उजव्या हाताला सुट्टी, तो मधी आला न्हाय पाहिजे." म्हणून तुळजापूरला दर्शनाला गेलो तवा येताना ते साबणाएवढं यंत्र घेतलं. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव!

आन आता माझी चूक सांगते, हसायचं न्हाय. नवीन यंत्र घरात आलं, पूजा न्हाय करायची? ट्रॅक्टरवाल्याचं घर हाय, आमच्यात फवारणीच्या पंपालासुदिक हळदकुंकू लागल्याशिवाय कुणी हात लावत न्हाय. म्या देवापुढं पाटावर मांडलं, नारळ फोडला, आन ओल्या कुंकवाची बोटं लावली. यंत्राला लावली, रिमोटला लावली, त्यातलं एक बोट नेमकं बटणावर. उडीच्या. कुंकू गेलं आत, बटण बसलं चिकटून. टीव्ही लावला, तर लाल सदऱ्याचा माणूस जाग्यावर उड्या मारतोय. कुणाचा हात न्हाय, बोट न्हाय, नुसता वर-खाली, वर-खाली… म्या तर हातच जोडले. पुण्याहून अर्पिता फोनवर हसून हसून बेजार, "आई, बटणाला कुंकू?" म्या म्हणलं, मग काय सवाष्ण न्हाय व्हय ते यंत्र?

दुसरा रिमोट घ्यावा म्हणलं, तर तो खोक्यातनंच मेलेला आलेला. मग बसले दात कोरायची काडी घेऊन, दोन तास कुंकू काढत. बटण सुटलं, पण जड झालं ते झालंच, विहिरीवरची मोटर चालू केल्यासारखं रेटावं लागतंय. आता मालकांचा उजवा हात मॅडमनं बंद केलेला, त्यो टॉवेलात गुंडाळून मांडीखाली. डाव्या अंगठ्याखाली चालायचं बटण. उडीचं कुणी दाबायचं? म्हणजे एक रिमोट, दोघं त्याला धरून खेटून बसलेले, लग्नातबी एवढं खेटून बसलो नव्हतो. चालणं त्यांच्याकडं, उडी माझ्याकडं.

पहिल्या दिवशी माणूस हललाच न्हाय. जाग्यावर उभा. वरचा टाइम संपला, आन उभ्या उभ्याच मेला. मालक म्हणाले, "असू दे." दुसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी दोन पावलं टाकली, म्या टाळ्या वाजवल्या तर रिमोट खाली पडला. "असू दे." नवव्या दिवशी, तुमाला सांगते, त्यो माणूस चालत चालत पहिल्या खड्ड्यापर्यंत गेला! डाव्या अंगठ्यानं! आन खड्डा आल्यावर उडी मारायची माझी पाळी, तर म्या बघत बसले मालकांच्या अंगठ्याकडं… माणूस गेला खड्ड्यात. पुन्यांदा. पुन्यांदा तेच. कधी लवकर दाबायची, कधी उशिरा, कधी बटणच बसंना. येवढ्या कष्टानं ते त्याला आणायचे आन म्या पाडायची. आठवडाभर पाडला. आन दर वेळेला आपलं शांतपणे, "असू दे." मला वाटलं, आता ह्या नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवातला एक खड्डाबी आमच्यानं ओलांडायचा न्हाय.

मग एका दुपारी, जेवणं झाल्यावर, पाडला आणिक एकदा. म्या वाट बघतेय असू दे ची. तर काय यीना. बघते तर मालकांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. आन एकदम, "डोळे हायत का कवड्या? कडंला आल्यावर दाबायचं असतंय, कडंला! मी हितपर्यंत मर मर मरून आणायचा आन तू… आन हा टीव्ही कुणी ठेवला असा तिरका? आन सकाळचा चहा होता का धुवण होतं?"

म्या रिमोट सोडून उठले. मला डोळ्याला पदर लावायचा होता हो. तर मागनं आवाज, "आता कुठं निघाली मधीच? काम अर्ध्यात सोडायची खोडच हाय तुला." त्या आवाजासाठी म्या येडेश्वरी देवीला पायी खेटं घालायला तयार होते.

तवापासून सुरूच हाय. आमटी, बादली, दार. काल मालक बांधावर जाऊन आले, त्या पेरणीवाल्याचा उद्धार गावभर केला. निकिता मॅडमला म्हणाले, "मॅडम, अंगठा माझा बरा हाय, हिचा बघा." मॅडमनं दोघांचा बघितला.

खड्डा? तो आमी कवाच पार केला. सातवा चाललाय. उडी कडंला आल्यावर मारायची, ते मला आता झोपेतबी जमंल. पण एखाद्या दिवशी मालक लई वेळ गप बसलेले दिसले ना, मग म्या रिमोट घेऊन शेजारी बसते, माणूस कडंला येतो, आन जरा उशिरा दाबते. पोटभर बोलून घेतात, आन मग म्या भाकरी टाकायला जाते.