ट्रॅक्टरची खांदशेकणी

उर्वशी : सांगा ना आबाजी, हळद-लोणी कोठी लावू? टायरले का बोनटले?

गुणवंता : मले काय विचारतं, पोरी? चाळीस वर्सं पोळ्याच्या आदल्या सांजेले बैलाचा खांदा शेकला. तुया ह्या ट्रॅक्टरले खांदा तरी आहे का?

शकुंतला : खांदा नसन तं कंबर शेका. कण्हते तं तुमच्यावाणीच.

उर्वशी : आजी, नवा आहे तो!

शकुंतला : मंग लाजत असन.

गुणवंता : तुम्ही हसा. मी उद्या तोरणाखाली येत नाही. जोडी तिगावच्या भिवाजीले विकली तवाच ठरवलं. बैल नाही, तं पोळ्यात कोन्या तोंडानं उभं राहू?

उर्वशी : पहिला मान आपल्या घरचा आहे, आबाजी. तुम्ही नाही आले तं दिलीपकाका घुसते समोर.

गुणवंता : दिलीप? त्याच्या बैलानं मागच्या साली तोरणच खाल्लं!

शकुंतला : त्याच्यापरीस हा बरा. पानं खात नाही.

गुणवंता : थांबा जरासं. बैलाचा खांदा मंजे काय? जू बसते ते जागा. मंग याले वझं कोठी येते?

उर्वशी : मागं, हुकले. ट्रॉली तेथीच अडकवतो ना आपण.

गुणवंता : आण ते पळसाचं पान. (हूक चोळत) दमला असशीन, बापा. आज आवतन घे, उद्या जेवाले ये.

शकुंतला : अन् खरंच आला तं? पुरण डिझेलात कालवू का?

उर्वशी : आजी, बस कर! मायं पोट दुखून राहिलं. मंग पक्कं ना? सकाळी स्टार्टर मारला की सीधा तोरणाखाली.

गुणवंता : खबरदार! पोळ्याच्या दिवशी बैलाले जुंपत नाहीत.

उर्वशी : पन बैल चालत तं जाते ना तोरणापर्यंत?

गुणवंता : मोकळा जाते. याले किल्ली लावली मंजे जुंपलाच. दे ते किल्ली इकडं.

उर्वशी : मंग नेणार कसा?

गुणवंता : ढकलत.

उर्वशी : दोन टनाचा आहे, आबाजी!

शकुंतला : घ्या! जनमभर बैलानं यायले ओढलं, आता हे बैलाले ढकलते.

उर्वशी : शीतलले फोन लावून राहिली मी. बचतगटाच्या साऱ्या बाया येतीन.

गुणवंता : बाया? पोळ्यात बाया बैल नेत नाहीत, पोरी.

उर्वशी : नेऊन कोन राहिलं? ढकलून राहिलो.

गुणवंता : हे मातर... याच्यावर आमच्या बापानं काही सांगून नाही ठेवलं.

शकुंतला : मंग झालं तं! त्यायनं नाही म्हटलं असतं तं सांगून गेले असते.

उर्वशी : हॅलो, शीतल? उद्या सकाळी ये, साऱ्याईले घेऊन. नाही व, मीटिंग नाही. पोळा आहे. हो, आबाजीनंच बोलावलं... आबाजी, बोलावलं ना?

गुणवंता : अवं, माया पांढरा सदरा काढून ठेव.

शकुंतला : ढकलता ढकलता मळन तो.

गुणवंता : मळू दे.