चिंगीचा उपास

मला वाटलं होतं, भांडण स्वयंपाकघरात होणार. भावाची सहा वर्षांची चिंगी ऑटिझममुळे बोलत नव्हती. काही मुलांना फरक पडतो म्हणतात, तर तिचा गहू आणि दूध महिनाभर बंद करून बघू या, हे वहिनीला पटवायला विलायतेहून शिकून आलेल्या मी मोठं भाषण तयार केलं होतं. वहिनी म्हणाली, "एवढंच होय वं? ज्वारीची भाकर आन् भात तं आपण रोजच खातो."

भांडण झालं ते अंगणात. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी चिंगीच्या हातावर पेढा ठेवला. मी तिला अडवून काकूंपुढे आहाराचा तक्ताच काढला.

"लेकराले काहून उपाशी मारून राहिली वं तू?" काकू भडकल्या. "एका पेढ्यानं का होते?"

माझाही आवाज चढला, तशी चिंगी कानांवर हात दाबून किंचाळायला लागली. पेढा खाली पडला.

वहिनी बाहेर येऊन हळूच म्हणाली, "काकू, तिले उपास आहे. महिनाभर गहू-दूध सोडलं तिनं."

काकूंनी जीभ चावली. "अवं माय! मंग आधी नाही का सांगायचं?"

संध्याकाळी त्यांनीच मुरमुऱ्याचे लाडू पाठवले. गल्लीत कुणी चिंगीला बिस्कीटसुद्धा देईना.

"पण वहिनी, हे खोटं आहे," मी म्हटलं.

"मंग खरं कर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दुधाचा चहा पुढे केला. मी कप परत सरकवला.

"मलाही उपास आहे, वहिनी. महिनाभर. माझं ताट चिंगीशेजारी मांड."