नवाब डावीकडंच जातो

सुदर्शन : तेच म्हणून राहिलो आप्पा. हा ठेवून घ्या नि तुमचा शिकलेला काळा द्या. चॉकलेटी कुत्रं घेतलं तिथंच चुकलं माझं.

गुरुपादप्पा : आणि याचं मी काय करू?

सुदर्शन : लागेल कुणाच्या तरी शेतावर. राखण करील.

गुरुपादप्पा : लॅब्राडोर राखण करत नसतो शेठ. चोर आला तर शेपूट हालवून गोठा दाखवतो. शेतावर म्हणजे साखळी, नि एक बाभळ. जन्मभर.

(लातूर. गावाबाहेर गुरुपादप्पांचं कुत्री शिकवायचं मैदान. सकाळचे अकरा. हदगावहून आलेली गाडी लिंबाखाली उभी आहे. उघड्या दाराशी सुदर्शनची आई केवळाबाई बसली आहे. तिच्या पायाशी तपकिरी लॅब्राडोर, वय सव्वा वर्ष, नाव नवाब.)

सुदर्शन : मला बी वाईट वाटतं. पण हौसेसाठी नव्हता आणला. मायला काचबिंदू हाय. दोन्ही डोळ्यांनी नुसतं अंधुक दिसतं. मी नि बायको तनुजा दिवसभर आमच्या कृषी केंद्रावर. दीड महिन्यामागं माय परसात पडली. दोन तास पडून होती, आप्पा. दोन तास. मला असं कुत्रं पाहिजे की ती पडली तर भुंकून शेजारच्या कस्तुराबाईला बोलवील.

गुरुपादप्पा : आणि हा तसा होणार नाही, हे कुणी ठरवलं?

सुदर्शन : नऊ महिने रोज शिकवून राहिलो. 'बस' म्हटलं तर बसत न्हाई. साधं बसत न्हाई! नाव नवाब ठेवलं ते बी चुकलंच.

गुरुपादप्पा : नवाबाला कुणी बस म्हणतं का?

सुदर्शन : मस्करी नका करू. मी बियाणं विकणारा माणूस. एकच रान, एकच खत, तरी दोन वाण येगळे येतात. वाण चुकला की वरून किती बी फवारा.

गुरुपादप्पा : वाण लॅब्राडोर. रंग म्हणजे वाण नव्हे. एका कुत्रीच्या एकाच वेतात काळं, पिवळं, चॉकलेटी, तिन्ही पडलेलं मी या हातानं पुसून घेतलंय. एकाच पिशवीतलं बियाणं ते.

सुदर्शन : मंग पोलिसात होता तवा तुमच्या श्वानपथकात चॉकलेटी किती होते?

गुरुपादप्पा : अठरा वर्षांत एक.

सुदर्शन : बघा!

गुरुपादप्पा : काय बघा? साहेबाला काळा आवडायचा, म्हणून काळेच यायचे. काळेच असल्यावर चोर काळ्यांनीच धरले. पहिली दोन वर्षं मी बी तुमच्यासारखंच बोलायचो.

सुदर्शन : मोबाईलवर वाचलंय मी. परदेशात पाहणी झाली. शिकण्यात चॉकलेटी काळ्यापेक्षा मागं.

गुरुपादप्पा : मार्क कुणी दिले?

सुदर्शन : ज्याच्या त्याच्या मालकानं.

गुरुपादप्पा : तुम्हाला विचारलं असतं तर याला किती दिले असते?

सुदर्शन : ...शून्य.

गुरुपादप्पा : झालं मग. थोडाफार फरक असंल, मी नाही म्हणत नाही. चॉकलेटीला कानाचं नि कातडीचं दुखणं जास्त असतं, हे मला डॉक्टरांनी बी सांगितलंय. याचे कान बघत जा. पण कान दुखला म्हणून बसणं अडत नाही. शिकवताना कुठं उभं राहता?

सुदर्शन : अंगणात. सकाळी, दुकानाच्या आधी. व्हिडिओ हायत माझ्याकडं. पुरावा म्हणूनच काढले.

गुरुपादप्पा : दाखवा... अरारा. केवढ्यानं ओरडता हो! शेजारचं घर खाली बसलं असंल.

सुदर्शन : तो ऐकत न्हाई म्हणून.

गुरुपादप्पा : दुसरा लावा... अजून एक. याच्या आधीचा, जुना... हां. तिकडं डावीकडं काय आहे?

सुदर्शन : कुठं?

गुरुपादप्पा : तुम्ही 'बस' म्हणता, हा तुमच्या तोंडाकडं बघतो, नि डावीकडं जातो. चारही वेळा डावीकडं. मंद कुत्रं एकदा उजवीकडं गेलं असतं, एकदा तिथंच अंग खाजवत राहिलं असतं. हा ठरवून जातोय.

सुदर्शन : डावीकडं स्वयंपाकघराचं दार हाय.

गुरुपादप्पा : त्या वेळेला आत कोण?

सुदर्शन : माय. भाकरी अजून तीच थापते. तव्याचा अंदाज हाय तिला.

गुरुपादप्पा : आक्का, जरा इकडं येता का? हळू. तो येतोय तुमच्या बरोबर, येऊ द्या.

केवळाबाई : आले दादा. काय म्हणता?

गुरुपादप्पा : सकाळी हे अंगणात ओरडतात, तवा तुम्ही काय करता?

केवळाबाई : मी काय करू? मी आपली चुलीपाशी... गॅसपाशी.

गुरुपादप्पा : नवाब येतो का तिथं?

केवळाबाई : येतो की.

गुरुपादप्पा : मग?

केवळाबाई : सुदर्शना, तू डोकं फिरवून घेऊ नको.

सुदर्शन : माय!

केवळाबाई : कोरभर भाकरी देते, दुसरं काय? एवढ्यानं वरडतोस त्या मुक्या जनावरावर. ते थरथरत यायचं बाबा, माझ्या लुगड्यात तोंड घालायचं. एक दिवस दिली भाकरी, गप झालं. मंग रोजच द्यायला लागले. हल्ली थरथरत न्हाई. पळतच येतं.

सुदर्शन : नऊ महिने?

केवळाबाई : कधी साय लावून.

गुरुपादप्पा : शेठ, मस्करी नको म्हणत होतात ना? आता मला हसू द्या जरा. हा शिकलाय. पक्का शिकलाय. 'बस' म्हणजे आईकडं पळायचं. तुम्ही शब्द दिला, भाकरी त्यांनी दिली.

सुदर्शन : ह्ये तुम्ही आता जुळवून राहिलात.

गुरुपादप्पा : मग तपासू. आक्का, तुम्हाला त्या पत्र्याच्या खोलीमागं नेऊन उभं करतो. माझा हात धरा. तो मागं येईल, तुम्ही धरून ठेवा शेठ... हां. आता सोडा, नि तुमच्या रोजच्या आवाजात बोला.

सुदर्शन : नवाब! बस!

केवळाबाई : आला! आला हो, हितं आला! अरं, हळू, पाडशील मला. भाकरी न्हाई आज माझ्याजवळ, हात चाटून काय करतोस?

गुरुपादप्पा : बघितलं? मैदान नवं, खोली नवी, आक्का दिसत नव्हत्या. तरी वास काढत सरळ गेला. मंद म्हणता याला?

सुदर्शन : बरं. पण बसायचं कुठं शिकला?

गुरुपादप्पा : तो शब्द आता खर्च झाला. दुसरा घ्या. आमच्या उदगीरकडं कानडीत 'कुंद्र' म्हणतात. याच्या कानाला कोरा. डब्यात काही आहे?

सुदर्शन : तनुजानं धपाटे दिलेत.

गुरुपादप्पा : नखाएवढे तुकडे करा. आक्का, तुकडा त्याच्या नाकासमोर धरा. आता हात वर न्या, डोक्यावरून मागं. ढुंगण टेकलं की म्हणा.

केवळाबाई : कुंद्र... टेकलं का?

सुदर्शन : टेकलं.

गुरुपादप्पा : द्या. पुन्हा... पुन्हा... आता तुकडा न दाखवता, नुसता हात.

केवळाबाई : कुंद्र.

सुदर्शन : बसला.

गुरुपादप्पा : किती मिनिटं झाली?

सुदर्शन : सात-आठ. आप्पा, ह्ये समदं खरं. पण माय पडली त्या दिवशी हा काय करून राहिला होता, ते विचारा. तुकड्यासाठी कुणी बी बसंल. त्या दिवशी दोन तास हूं का चूं केलं न्हाई त्यानं. कस्तुराबाई भिंतीपलीकडंच होती. एकदा भुंकला असता तरी पुरं होतं.

गुरुपादप्पा : होता कुठं?

केवळाबाई : माझ्यापाशी. पाठीला टेकून बसला होता.

गुरुपादप्पा : मधी उठला?

केवळाबाई : न्हाई. मांजरानं आत पातेलं पाडलं, तरी उठला न्हाई. कस्तुराबाईनं मला धरून उभं केलं, तवा उठला. माझी पाठ गार पडली न्हाई त्याच्यामुळं.

गुरुपादप्पा : दोन तास?

सुदर्शन : दोन तास.

गुरुपादप्पा : पथकात पंधरा मिनिटं जागचं हलू नको, हे शिकवायला मला महिने लागायचे. भुंकायला कुणी शिकवलं होतं याला?

सुदर्शन : ...कुणी न्हाई. आम्हाला वाटलं, एवढं तर कळंल त्याला.

गुरुपादप्पा : शिकवलं ते आलं. आक्कांकडं जायचं नि आक्कांपाशी राहायचं. शिकवलं नाही ते आलं नाही. आता त्यात एवढंच जोडायचं, की आक्का खाली पडलेल्या दिसल्या की भुंकायचं. रोज त्यांना चटईवर निजवा, भुंकला की तुकडा. तीन आठवडे धरा.

सुदर्शन : तो इथं ठेवू का मग?

गुरुपादप्पा : इथं कशाला? भाकरी आक्कांच्या हातची पाहिजे. घरीच करा. मी फोनवर सांगत जाईन. नि शिकवणार आक्का. तुम्ही चटई अंथरायची.

सुदर्शन : आणि या तीन आठवड्यांत ती पुन्हा पडली तर?

गुरुपादप्पा : ते विचारलंत ते बरोबर. तोवर कस्तुराबाईला दिवसातून दोन-तीनदा डोकवायला सांगा. माझा काळा नेलात तरी तेवढे दिवस जाणारच. त्याला भुंकता येतं, पण या बाई कोण, हे त्याला ठाऊक नाही. तुम्ही म्हणाल तर आत्ता गाडीत चढवतो. ठरवा.

सुदर्शन : माय, तू सांग. पडायचं तुला हाय.

केवळाबाई : मी काय सांगू? तू चल म्हणलास, मी बसले गाडीत.

सुदर्शन : ...राहू द्या आप्पा. ह्यालाच नेतो. तेवढा तुमचा काळा दाखवा, एवढ्या लांब आलो तर.

गुरुपादप्पा : तो काय, टाकीच्या सावलीत.

सुदर्शन : देखणा हाय हो. काळाभोर.

केवळाबाई : आणि आपला कसा हाय?

सुदर्शन : आपला तपकिरी, माय. गुळाच्या ढेपीसारखा.

केवळाबाई : हाव का? मला तर तो काळाच दिसून राहिला. मी म्हणलं, घरात काळा असून हा काळा आणायला कशाला निघाला.